डेट्रॉइटची घराणी

बाबा,

पुढच्या सत्रात मी जो कोर्स शिकवणार आहे त्याच्या नावातला एक शब्द काढायचा की नाही, हे मला शुक्रवारपर्यंत कळवायचं आहे. काढला नाही तर कोर्स होणार नाही, असं विद्यापीठाला वरून, सरकारकडून आलं आहे. हे तुम्हाला सांगण्यात काही अर्थ नाही. तुम्ही जाऊन खूप वर्षं झाली, आणि तुम्ही होतात तेव्हाही मी काय करते हे आपण एकदासुद्धा सरळ बोललो नाही. तुम्ही माझ्या कामाला तुमचा एक शब्द दिला होतात. तो चुकीचा आहे असं मी तेव्हा धरून चालले. सध्या तोच शब्द डोक्यात घोळतो आहे, म्हणून लिहिते. माझं मराठी आता गंजलं आहे. सांगलीतली सातवीपर्यंतची शाळा आणि इकडे मिशिगनमध्ये, डेट्रॉइटशेजारच्या ट्रॉयला आल्यावर दर रविवारी तुम्ही लिहून घेत होतात ते शुद्धलेखन, एवढ्यावरच हे चाललं आहे. चुका तुम्हाला दिसल्या असत्या.

मी आता टेक्ससमध्ये, प्लेनोला राहते. रुंद रस्ते, मोठी घरं, एकसारखी कापलेली हिरवळ. पायी चालणारं माणूस दिसलं तर ते बहुधा कुणाचे तरी भारतातून आलेले आईवडील असतात. एखादा गृहस्थ हात मागे बांधून फुटपाथवरून जाताना दिसला की मी गाडी हळू करते. हायवेने गेलं की विद्यापीठ. तिथे मी ‘ब्लॅक क्विअर परफॉर्मन्स’ शिकवते. तुम्हाला मराठीत सांगायचं तर काळ्या समाजातली समलिंगी आणि पारलिंगी माणसं, त्यांचं संगीत, त्यांचा नाच, त्यांचं लोकांसमोर उभं राहणं. एवढं लांब वाक्य मी तुमच्यासमोर कधी बोलले नाही. कोर्सच्या नावात तीनच शब्द आहेत. मधला काढायचा आहे.

डीनबाईंनी फोन केला तेव्हा त्या गाडीत होत्या. मागे त्यांचं पोर रडत होतं. त्या म्हणाल्या, “मी तुझ्या बाजूने आहे, हे तुला माहीत आहे. फक्त नाव. वर्गात काय शिकवतेस ते बघायला कुणी येणार नाही.” मग म्हणाल्या, “निदान या वर्षी तरी.” त्यांनी काही नावं काढून ठेवली होती. परंपरा, वारसा, समुदाय असे शब्द त्यांना बरे वाटत होते. “वंशपरंपरा कसं वाटतं? म्हणजे संगीतातल्या वंशपरंपरा. हाउसेस वगैरे येतंच ना त्यात?” मला हसू आलं. त्यांना वाटलं, मी तयार झाले. मी म्हणाले, विचार करून सांगते.

हसू तुमच्यामुळे आलं. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी ट्रॉयच्या घरी राहून डेट्रॉइटला जात होते. एकदा जेवताना तुम्ही विचारलंत, “रोज जातेस, तिथे आहे तरी काय?” मी सांगितलं की तिथे हाउस असतात. घरातून बाहेर पडलेली मुलं एखाद्या मोठ्या माणसाच्या आसऱ्याला येतात. त्या माणसाला मदर म्हणतात, हाउसचं नाव आडनावासारखं लावतात, उभं कसं राहायचं, हात कसा फिरवायचा, चालायचं कसं ते त्यांच्याकडून शिकतात. मग स्पर्धा होते, तिला बॉल म्हणतात, आणि तिथे हाउसच्या नावाने उतरतात. मुलं घरातून का बाहेर पडतात ते मी सांगितलं नाही. तुम्ही पोळीचा तुकडा ताटात ठेवलात आणि म्हणालात, “म्हणजे घराणं.”

“तसं नाही हो.”

“मग कसं?”

“तसंच, पण…”

“पण काय? नाव गुरूचं, चाल गुरूची, दुसऱ्याकडे शिकायला जायची चोरी. घराणंच की.” तुम्हाला इतका आनंद झाला होता, की आई म्हणाली, “आमटी घ्या. निवते आहे.”

तुमच्यासाठी ते कोडं त्या दिवशी सुटलं. तुम्ही मिरजेला गुरुजींकडे आठ वर्षं शिकला होतात आणि इंजिनियरिंगला लागल्यावर सोडलं होतंत. दिवसभर मोटारीच्या दारांची बिजागरं तपासणारा माणूस संध्याकाळी तळघरात तंबोऱ्याची कॅसेट लावून बसत असे, तेव्हा खाली जायचं नाही हे मला आल्या वर्षीच कळलं होतं. तुम्ही ‘माझी मुलगी डेट्रॉइटच्या घराण्यांवर काम करते’ असं सांगायला लागलात. ऑफिसात सांगितलंत की नाही माहीत नाही. महाराष्ट्र मंडळात सगळ्यांना सांगितलंत. शाळेच्या कॅफेटेरियात दिवाळीचा कार्यक्रम होता, मी श्रीखंडाची वाटी घेऊन उभी होते, आणि तुमचे मित्र, ते पुण्याचे काका, म्हणाले, “काळ्यांची घराणी? काय यार, रॅपमध्ये कसली घराणी?” तुम्ही म्हणालात, “रॅप नव्हे. रीतसर तालीम असते.” “आणि तू हिला एकटीला जाऊ देतोस तिकडे?” मग माझ्याकडे वळून, “गाडी लॉक करून बसत जा गं. सिग्नलला काच खाली घ्यायची नाही.” त्यांना वाईट माणूस म्हणता येणार नाही. तुम्हाला बायपास झाली तेव्हा रोज आईला हॉस्पिटलात तेच सोडत होते. पण मी ती वाटी तशीच ठेवली.

त्याच हिवाळ्यात माझी गाडी बंद पडली आणि एका रविवारी दुपारी तुम्ही मला सोडायला आलात. बर्फ साचलेलं होतं. वाटेत तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत, कारण कॅसेटमध्ये विलंबित चाललं होतं. पूर्वेकडच्या त्या भागात एका घरानंतर दोन मोकळे प्लॉट, मग पुन्हा एक घर, असं होतं. तुम्ही काच खाली घेतलीत आणि घरांचे नंबर वाचत गेलात. मला वाटलं होतं तुम्ही बाहेरूनच जाल. तुम्ही इंजिन बंद केलंत. “घराण्याच्या दारात येऊन परत जायचं?” असं म्हणालात, आणि उतरलात.

मदर स्वयंपाकघरात होत्या. पन्नाशीच्या, उंच, खांदे रुंद, अंगावर फुलाफुलांचा घरातला झगा, डोक्याला रुमाल. टेबलावर निळा अंगरखा पसरलेला आणि त्या त्यावर टिकल्या शिवत होत्या. मागे शेगडीवर पाला शिजत होता. पुढच्या खोलीत सोफे भिंतीला लावून मुलं सराव करत होती. त्यांनी तुमच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“हा कोण, तुझा ड्रायव्हर?”

“माझे वडील.”

“असं? इतका देखणा बाप, आणि मग तुझ्या वेळी काय झालं गं?”

तुम्ही माझ्या आधी हसलात. त्या घरात असा टोमणा म्हणजे पाहुण्याला पाट मांडणं होतं, हे कळायला मला अख्खं वर्ष लागलं होतं. तुम्ही कानटोपी काढलीत आणि खुर्चीत बसलात. पुढच्या खोलीतला ठेका ऐकत तुमची बोटं आपोआप गुडघ्यावर चालली होती. ते मदरना दिसलं. त्यांनी विचारलं, “गातोस? कुणाकडे शिकलास?” तुम्ही गुरुजींचं नाव सांगितलंत आणि सांगताना नेहमीसारखा उजव्या कानाच्या पाळीला हात लावलात.

मदर म्हणाल्या, “कान दुखतो का? तेल गरम करून देते.”

मी सांगितलं की दुखत नाही, आमच्याकडे गुरूचं नाव घेताना कानाला हात लावतात, नाव उच्चारण्याची आपली लायकी नाही म्हणून. त्यांनी सुई कापडात टोचून ठेवली. “म्हणजे मी माझ्या मदरचं नाव घेतलं की लावायचा?”

“हो.”

“आणि तिच्या मदरचं?”

“त्यांचंही.”

“आणि माझी जी लेकरं माझ्या आधी गेली, मला शिकवून गेली, त्यांचं?”

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही इंग्रजीत म्हणालात, “लावायला हरकत नाही.” मदर फ्रिजकडे बघत होत्या. फ्रिजचं दार फोटोंनी भरलं होतं. त्या म्हणाल्या, “मग माझा हात खाली यायचाच नाही, बेबी.” आणि पुन्हा शिवायला लागल्या. तुम्ही मला हळूच मराठीत विचारलंत, “सगळे गेले?” मी म्हणाले, “बहुतेक.” “कशाने?” “आजाराने.” कुठला आजार ते तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही त्या फोटोंकडे बघत राहिलात, आणि त्यातले पोशाख, ती बोटं, पुरुषाच्या जबड्याखाली ते मोत्यांचे हार, हे सगळं तुम्हाला दिसत होतं. न दिसण्याइतके ते फोटो लहान नव्हते.

परत येताना हायवेला लागल्यावर तुम्ही विचारलंत, “काय म्हणायचं? ते की त्या?” इंग्रजीत हा प्रश्न कितीतरी वाक्यं टाळता येतो. मराठीत आला, गेला, बसला म्हणायच्या आधी ठरवावं लागतं. मी म्हणाले, “त्या.” तुम्ही मान हलवलीत. त्यानंतर तुम्ही ‘मदर बऱ्या आहेत का?’, ‘मदर काय म्हणाल्या?’ असंच विचारत गेलात आणि एकदाही चुकला नाहीत. माझ्या विभागातली माणसं अजून चुकतात आणि मग लांबलचक माफी मागतात. मग तुम्ही स्टिअरिंगवर चार मात्रा मोजून दाखवल्यात. म्हणालात, “त्या पोरांचं काहीतरी वेगळं आहे. चौथ्या मात्रेवर तो झांजेसारखा मोठा आवाज येतो ना, तिथे ती पाठीवर पडतात. आपण समेवर येतो. ही मुलं समेवर पडतात. आणि सम शेवटी.” हे वाक्य मी नंतर माझ्या प्रबंधात घातलं, इंग्रजीत, तळटीपेत, तुमच्याशी झालेला संवाद म्हणून. परीक्षकांनी फक्त त्याच पानावर टिपण केलं होतं. तुम्ही प्रबंध उघडला नाहीत. समोरच्या कपाटात उभा करून ठेवलात.

मंडळाने मला बोलायला बोलावलं ते तुमच्यामुळेच. संगीतसंध्येच्या आधी वीस मिनिटं, विषय तुम्हीच दिला होतात, ‘घराणी: आपली आणि इथली’. तुम्ही निळा झब्बा घातला होतात. मी जपून बोलले. तालीम, आडनाव, स्पर्धा, ताल. लोक ऐकत होते. शेवटी पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी हात वर केला. त्यांचा मुलगा माझ्याबरोबर शाळेत होता. त्यांनी अगदी आपुलकीने विचारलं, “पण गं, ही मुलं स्वतःचं घर सोडून दुसऱ्याला आई का म्हणतात? आईवडील नसतात का त्यांना?”

मी म्हणाले, “असतात, काकू. पण मुलगा गे आहे किंवा मुलगा नाहीच आहे, हे कळल्यावर त्यांनी त्याला बाहेर काढलेलं असतं. मदरही तशाच बाहेर काढलेल्या. त्यांना जन्मल्यावर मुलगा म्हटलं होतं.” आजाराचंही नाव घेतलं, एड्स.  मग कुणीतरी जाहीर केलं की चहा तयार आहे.

गाडीत तुम्ही कॅसेट लावली नाहीत. आई मागे बसली होती. घराच्या रस्त्याला वळल्यावर तुम्ही म्हणालात, “उत्तर प्रश्नाएवढंच द्यावं.”

“प्रश्न तेवढाच होता, बाबा. आईवडील का सोडतात, हाच होता.”

“त्यांना तो विचारायचा नव्हता.”

“मग काय विचारायचं होतं?”

आई म्हणाली, “आता पुरे. उद्या बोला.” उद्या आपण बोललो नाही. ते तुमचं मला रागावणं, तेवढंच. आवाजसुद्धा चढला नव्हता.

पुढच्या गणपतीत मंडळाची सुरुवातीची वंदना तुम्ही गायली नाहीत. आपण त्या गावात आल्यापासून ती तुम्हीच गात होतात. तुम्ही म्हणालात, घसा बरा नाही. मंडळाचे हिशेब तपासणाऱ्या कुणाच्या तरी मुलीने गायली, तुम्ही शेवटच्या रांगेत बसून दाद दिलीत. तुम्ही गेल्यावर किती तरी दिवसांनी आईने मला सांगितलं की घशाला काही झालं नव्हतं. तुम्हाला विचारायला कुणी आलंच नव्हतं. तुम्ही श्रावणापासून रोज तळघरात ती वंदना घोळवत होतात, फोन येईल म्हणून. मी आईला म्हणाले, “मला का नाही सांगितलंस?” ती म्हणाली, “सांगून तू काय केलं असतंस? पुन्हा तेच बोलली असतीस.” हे खरं आहे. आज त्या काकूंनी विचारलं तर मी तेच सांगेन. फक्त तुमचं गाणं त्याच्या बदल्यात गेलं हे कळलं असतं, तर निदान तळघरात खाली आले असते.

दुसरी एक गोष्ट तुम्हाला अर्धीच माहीत आहे. मदरच्या घरातली एक मुलगी वारली. बावीस-तेवीसची असेल. तो निळा अंगरखा तिच्यासाठीच शिवला होता. तिच्या आईवडिलांनी तिला त्यांच्या चर्चमध्ये नेलं. आम्ही सगळे मागच्या बाकांवर बसलो. पेटीत ती करड्या सूटमध्ये होती, केस बारीक कापलेले, आणि छापील कागदावर ती सोळा वर्षांची असताना टाकून आलेलं नाव. भाषणं झाली. त्या नावाच्या मुलाबद्दल सगळे चांगलं बोलले. मग मदर उभ्या राहिल्या, तिचं खरं नाव एकदाच मोठ्याने म्हणाल्या आणि खाली बसल्या. दारावरचा माणूस आमच्या बाकाशी येऊन उभा राहिला आणि शेवटपर्यंत हलला नाही. परतल्यावर स्वयंपाकघरात मदर कोट न काढता बसल्या. मला वाटलं त्या त्या नावाबद्दल बोलतील. त्या म्हणाल्या, “सूट मोठा होता. बघितलंस? बाह्या नखांपर्यंत आल्या होत्या. त्यांना लेकराचं मापसुद्धा माहीत नव्हतं.”

त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा तुम्ही दारातलं बर्फ काढत होतात. मी म्हणाले, मदरची मुलगी गेली. तुम्ही फावडं टेकवलंत आणि विचारलंत, “नाव काय होतं?” मी तिचं खरं नाव सांगितलं. तुम्ही ते एकदा नीट उच्चारून बघितलंत, परक्या नावांचं तुम्ही करत होतात तसं, आणि पुन्हा बर्फ काढायला लागलात.

तुम्हाला काय माहीत होतं, हे मला ठरवता येत नाही. कधी वाटतं, तुम्ही भोळेपणाने एक परकी गोष्ट तुमच्या ओळखीच्या खुंटीला टांगलीत आणि फोटो दिसूनही तुम्हाला ते दिसले नाहीत. कधी वाटतं, तुम्हाला पहिल्या जेवणालाच सगळं कळलं होतं आणि तुम्ही मला एक असा शब्द काढून दिलात, की ज्याच्या आड मी मंडळात, घरात, तुमच्यासमोर बिनधोक उभी राहू शकेन. मी मंडळात तो आडोसा स्वतःच्या हाताने काढून टाकला आणि वारा तुम्हाला लागला. दोन्हींपैकी कुठलंही खरं असलं तरी आता फरक पडत नाही असं म्हणायला हवं. पण पडतो. मी आणि माझी मैत्रीण अॅन आर्बरला सहा वर्षं एका घरात राहिलो. तुम्ही यायचात तेव्हा तिच्यासाठी लाडवांचा वेगळा डबा आणायचात. तिचं नाव तुम्हाला येत होतं. ती माझी कोण, हे तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून उत्तर द्यावं लागलं नाही. ती निघून गेली त्या वर्षी तुम्ही एकच डबा आणलात, तोही न विचारता.

सोमवारी एक विद्यार्थिनी माझ्या खोलीत आली. काळी मुलगी, छोट्या गावातली, वडील चर्चमध्ये पास्टर. मागच्या सत्रात ती माझ्या दुसऱ्या वर्गात होती. काम चांगलं करते, कमी बोलते, दाराजवळ बसते. मला वाटलं ती मला नाव बदलू नका म्हणायला आली आहे. मुलांमध्ये ही गोष्ट पसरली आहे, काही जण सह्या गोळा करत आहेत. तिने दार लावून घेतलं.

“प्रोफेसर, बदला ना.”

“का?”

“माझा रिझल्ट घरी दिसतो. डॅडींच्या फोनवर. या नावाने मला हा कोर्स घेताच येणार नाही.” मग ती थोडी हसली. “आत काय आहे ते आम्हाला माहीत आहे. ज्यांना माहीत असायला हवं त्यांना माहीत आहे.”

“आणि सह्या करणारे?”

“त्यांचे आईवडील डॅलसमध्ये राहतात. थेरपिस्टकडे जातात. त्यांचं ठीक आहे.”

मी तिला सांगितलं की शब्द काढून टाकणं ही साधी गोष्ट नाही, आज हा काढला की उद्या दुसरा काढायला सांगतील. ती ऐकत होती. हे सगळं तिला माझ्याच वर्गात शिकवलं होतं. ती म्हणाली, “येस मॅम,” आणि उठली. दाराशी जाऊन म्हणाली, “मला फक्त तिथे बसायचं आहे.” मला तुमच्या कानटोपीची आठवण झाली, का ते सांगता येणार नाही.

इथे मी थांबले होते. आज शनिवार आहे.

काल मी नाव बदललं. डीनबाईंनी सुचवलेलं घेतलं, वंशपरंपरा आणि संगीत. मधला शब्द गेला, मग त्यांच्या लक्षात आलं की आता पहिला, ‘ब्लॅक’, एकटाच बरा दिसत नाही, तो त्यांनी काढला. मी हो म्हणाले. आता त्या नावात कोणाचंच काही नाही. ते तुमच्या संगीतसंध्येलाही चाललं असतं. त्या मुलीने नाव नोंदवलं आहे, यादीत मला दिसलं. सह्या गोळा करणाऱ्यांपैकी एकाने मला एका ओळीचा मेल केला आहे, तो मी उघडून ठेवला आहे आणि उत्तर दिलेलं नाही. मी त्या मुलीसाठी केलं असं सांगता येईल, आणि ते खोटं नाही. पण बदलल्यावर मी पार्किंगमध्ये येऊन गाडीत बसले तेव्हा मला हलकं वाटलं, बाबा. इतकी वर्षं हा शब्द घेऊन मी प्रत्येक खोलीत शिरले, प्रत्येक फॉर्मवर, प्रत्येक जेवणाच्या टेबलावर तो बरोबर होता, आणि काल तो नव्हता, आणि मला बरं वाटलं. आईला फोन केला तर ती म्हणाली, “बरं झालं. आता नीट झोप.” मी झोपले.

मदर अजून आहेत, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. त्याच घरात आहेत. ऐकू कमी येतं म्हणून फोन नको म्हणतात. मी पत्र पाठवते आणि आठवड्याच्या आत त्यांचं उत्तर येतं, मोठ्या अक्षरात, मला नावं ठेवत. या कोर्सचं पहिल्या वर्षीचं नाव मी त्यांना कळवलं होतं, तेव्हा त्यांनी नुसतं लिहिलं होतं, ‘हं. आता कसं.’ नवं नाव त्यांना माझ्याकडूनच कळलं पाहिजे. बुधवारी, अजून काही ठरलं नव्हतं तेव्हाच, मी त्यांना हे सगळं कळवायला बसले होते. वर त्यांना हाक मारून झाली होती, इंग्रजीत, आणि पुढे काही सुचेना. मग मी दुसरा कागद घेतला आणि त्यावर ‘बाबा’ लिहिलं. त्या जिवंत आहेत, त्या वाचतील आणि उत्तर देतील. म्हणून तुम्हाला लिहिलं.